सावे सरांचा तारा आणि योगिताचा पट्टा

कैनाडच्या योगिताला काम काय असं कोणी विचारलं, की तिचा बाप सुदाम आधी घसा खाकरतो. मग म्हणतो, ताऱ्यांचा उजेड मोजते. ऐकणारा आधी आकाशाकडे बघतो, मग सुदामकडे. तेवढ्यावर थांबावं की नाही माणसानं? पण नाही. सुदाम पुढे जोडतो, की आपल्याला दिसतो तो उजेड नाही, दिसत नाही तो. झालं, तिथे सगळं ओंफस होतं. वाणगावच्या बाजारातल्या एका भाजीवालीने तर त्याला तोंडावर सांगितलं होतं, की न दिसणारं मोजायची नोकरी असेल तर आमच्या घरातल्यांनाही लावून दे, त्यांना न दिसणारी कामं पुष्कळ करता येतात.

सुदाम चिकूच्या वाडीवर मजुरीला जाणारा माणूस. त्याची पोरगी फिजिक्स शिकली, पुण्याच्या एका संस्थेत लागली आणि वर्षभरात काम घेऊन परत घरी आली, कारण हे काम कॉम्प्युटर आणि नेट असेल तिथे बसून होतं. कैनाडला नेट टिकत नाही. म्हणून योगिता रोज सकाळी स्कूटी काढून वाणगावला येते आणि स्टेशनजवळच्या बी-बियाणांच्या दुकानाच्या माडीवर बसते. खाली ढोबळी मिरचीचं बियाणं, वर आकाश. दुकानात आलेले शेतकरी जिना चढून वर येतात आणि विचारतात, ताई, पाऊस कधी? सुरुवातीला ती समजावून सांगायची, की हे माझं खातं नाही. आता ती सरळ सांगते, जूनमध्ये. हे उत्तर आजवर चुकलेलं नाही, त्यामुळे पंचक्रोशीत तिला मान आहे.

तिचं खरं काम काय ते मी सांगतो, सुदामपेक्षा थोडं बरं सांगेन. चूल विझली तरी जवळ हात नेला की धग लागते. ती धग डोळ्यांना दिसत नाही. आकाशातही असे कितीतरी तारे आहेत, ज्यांचा उजेड कमी आणि धग जास्त. ही धग टिपणारी दुर्बीण सातासमुद्रापार एका डोंगरावर आहे, आणि ती रोज आकाशाचे फोटो काढते. पण गंमत अशी, की हवेलाही धग, दुर्बिणीलाही धग, कॅमेऱ्यालाही धग. म्हणजे चुलीपाशी बसून उन्हाचा ताप मोजायचा. आज हवा दमट, उद्या कोरडी, त्यामुळे तोच तारा आज एक आकडा देतो, उद्या दुसरा.

मग करायचं काय? प्रत्येक फोटोत काही ओळखीचे तारे शोधायचे, ज्यांचं तेज जुन्या लोकांनी पक्कं मोजून ठेवलंय. फोटोत त्यांचा आकडा काय आला ते बघायचं, खरा आकडा काय ते माहीतच आहे, आणि त्या हिशेबाने बाकीच्या लाखो ताऱ्यांना मापात बसवायचं. सगळं आकाश पट्ट्यापट्ट्यांनी वाटून दिलेलं आहे. एक पट्टा योगिताचा, शेजारचा दुसऱ्या देशातल्या एका गटाचा. दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकांवर येतात, आणि तिथल्या ताऱ्यांचे आकडे दोघांचे सारखे यायला हवेत. शेताच्या बांधावरचं आंब्याचं झाड या बाजूने मोजा की त्या बाजूने, उंची तीच भरली पाहिजे.

आता सावे सर. डहाणूच्या कॉलेजात योगिता शिकत होती तेव्हा हे रिटायर झालेले शास्त्रज्ञ एकदा भाषणाला आले. गाव वरोर, आयुष्य गेलं दुर्बिणींच्या मागे, आणि म्हातारपणी पुन्हा वरोरच्या घरी येऊन झोपाळ्यावर बसलेले. भाषणानंतर कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर सगळ्या वर्गाने माना खाली घातल्या. योगिताने विचारलं, की जो तारा बाकीच्यांना मापायला वापरता, त्याला कशाने मापलं? सर इतके खूश झाले, की त्यांनी तिला घरी बोलावून पत्नी सुषमाताईंच्या हातचं जेवण घातलं. पुस्तकं दिली, शिफारस दिली, पुण्याला नेऊन उभी केली. सुदाम म्हणतो, जन्म आम्ही दिला, बाकी सगळं सरांनी.

जुन्या ओळखीच्या ताऱ्यांची यादी करणाऱ्यांत सावे सरांचं नाव मोठं. त्यातला एक तारा तर त्यांनी वर्षानुवर्षं मोजला होता, हिमालयातल्या थंडीत कुडकुडत, बोटं बधिर होईपर्यंत. नेमका तो तारा योगिताच्या पट्ट्यात आला. तिला वाटलं, नशीब म्हणतात ते हेच. सर भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "माझा तारा काय म्हणतो?" आणि योगिताचं उत्तरही ठरलेलं, "मजेत आहे, सर."

आणि इथेच पोरगी फसली. आमच्याकडे मोठ्या माणसाला खोटं पाडत नाहीत. आजोबा म्हणाले आज मंगळवार, तर बुधवार असला तरी संध्याकाळपर्यंत मंगळवार. या वळणाची पोर ती. आपला आकडा आणि सरांचा आकडा जुळला नाही, की तिने आपल्यालाच दोष द्यायचा. पट्ट्यातले दुसरे ओळखीचे तारे सरांच्या ताऱ्याशी भांडायला लागले, की तिने त्यांना बाजूला काढायचं. हा हवेमुळे बिघडला असेल, तो कडेला पडला असेल, असं म्हणत तिने एकेकाला पंगतीतून उठवलं. शेवटी जे सरांच्या ताऱ्याला हो म्हणतील तेवढेच उरले. मग काय, आकडे एकमेकांशी छान जुळणारच. सगळेच होयबा.

पण कडेला जुळेना. शेजारच्या गटाच्या मानाने योगिताचे तारे जास्त तेजस्वी यायला लागले, थोडेथोडके नाही, डोळ्यात भरावे इतके. पुण्याच्या संस्थेतल्या तिच्या मॅडमनी विचारलं, हे काय? होळीच्या दिवशी माडीवर एकटी बसून योगिताने सरांच्या ताऱ्याचा फोटो मोठा करून पाहिला. तिथे एक ठिपका नव्हताच. दोन होते, एक मोठा आणि त्याला अगदी खेटून एक छोटा.

सरांच्या काळचं यंत्र एकाच डोळ्याचं. गोल भोकातून जेवढा उजेड आत येईल तेवढा एकाचाच म्हणून मोजायचं. नेम धरायचा तो मात्र साध्या डोळ्याने, आणि साध्या डोळ्याला तिथे एकच तारा दिसणार, कारण दुसरा नुसता धगीचा, उजेड जवळपास नाहीच. म्हणजे सरांनी आयुष्यभर दोघांचं माप एकाच्या नावावर मांडलं होतं. आणि योगिताने फोटोतल्या एकट्या मोठ्या ठिपक्यासाठी तेच माप प्रमाण धरून अख्ख्या पट्ट्याचे आकडे चढवून ठेवले होते.

तिने लॅपटॉप मिटला, घरी गेली आणि होळीभोवती सगळ्यांबरोबर नाचली. मॅडमना कळवलं, बघते. पुढच्या वेळीही कळवलं, बघते. हा "बघते" तिने उन्हाळ्यात मुरवत ठेवला. सर नुकतेच मोठ्या दुखण्यातून उठले होते. त्या यादीवाचून त्यांच्याजवळ होतं काय? ते माप खोटं आहे असं छापून आलं, तर छापलेलं सगळं ते वाचतात. शेवटी मॅडमनी स्वच्छ सांगितलं, की महिनाअखेर खुलासा नाही आला तर पट्टा शेजारच्या गटाकडे जाईल. योगिताने इतकी वर्षं जीव ओतलेला पट्टा. तिने मनाशी ठरवून टाकलं, जाऊ दे पट्टा. सरांना सांगणं आपल्याच्याने व्हायचं नाही.

अशात तिचा चुलतभाऊ दिपक याचं लग्न निघालं. पाड्यावर लग्न म्हणजे चुलाण खणायचं, मोठ्या हंड्यात डाळ चढवायची, आणि डाळ उतरवायची की नाही ते बुधी आजीने सांगायचं. बुधी आजी म्हणजे सुदामची चुलती, पण अख्ख्या पाड्याची आजी. रीतच अशी, की तळहातावर डाळीचा थेंब घेऊन आधी ती चाखणार, मान हलवणार, मगच हंडा खाली. तिच्याआधी कोणी जिभेला बोट लावायचं नाही. तिच्या जिभेवर पाड्याची दोन पिढ्यांची लग्नं लागली होती.

हिवाळ्यात बुधी आजीला मोठा ताप आला होता, आणि त्यात तिची चव गेली. हे पाड्यावर सगळ्यांना माहीत होतं. होळीलाच कळलं होतं, कारण त्या दिवशीचं जेवण पोरांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं होतं. फक्त एकीला कोणी सांगितलं नव्हतं, ती म्हणजे बुधी आजी. म्हातारीला काय सांगायचं, असं जो तो म्हणाला आणि दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

लग्नाच्या दिवशी आजी हंड्यापाशी उभी राहिली. चाखलं, मान हलवली नाही. मीठ मागितलं. पुन्हा चाखलं, पुन्हा मागितलं. मीठ देणारी बाई बाकीच्यांकडे बघत होती, पण देत होती. नवरी रूपी तळासरीकडची. तिकडची वऱ्हाडी मंडळी जेवायला बसली आणि पहिल्या घासाला सगळ्या पंगतीने एकदम पाण्याकडे हात नेला. मग कोणी तरी म्हणालं, डाळ फक्कड झालीय. लगेच सगळेच म्हणाले, फक्कड झालीय. पाण्याची पिंपं दोनदा भरावी लागली, आणि एक म्हातारा वऱ्हाडी तर ताक संपल्यावर रडकुंडीला आला, तरी फक्कडच म्हणत होता. योगितानेही पानावरून वर बघत म्हटलं, आजी, एकदम मस्त.

माणसांनी तोंड सांभाळलं, कुत्र्याने नाही सांभाळलं. दुसऱ्या दिवशी उरलेली डाळ बुधी आजीने अंगणातल्या कुत्र्यापुढे ओतली. हे कुत्रं चपलासुद्धा खातं. त्याने एकदा जीभ लावली, आजीकडे बघितलं आणि सरळ पाण्याच्या डबक्याकडे चालू लागलं. आजी कितीतरी वेळ त्या डाळीकडे बघत उभी राहिली. मग तिने योगिताला हाक मारली आणि पडवीत बसवून विचारलं, खारट होती का गं? योगिताला खोटं बोलवेना. ती म्हणाली, होती. आजीने विचारलं, कधीपासून? योगिता म्हणाली, होळीपासून.

योगिताला वाटलं, म्हातारी आता जिभेसाठी रडेल. म्हातारी रडली खरी, पण कशासाठी ते ऐका.

"जीभ गेली तर गेली," आजी म्हणाली. "माझ्या वयात काही ना काही जातंच. पण तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मला एकटीला त्या हंड्यापाशी उभी केलीत. पाहुण्यांपुढे. मान दिलात म्हणता ना? असा मान शत्रूलाही देऊ नये."

मग पदराने डोळे पुसून तिने लगेच फर्मान काढलं, की पुढच्या लग्नात चार बायका चाखतील आणि आपण फक्त जाळ बघू, आणि जाळ बघण्यात अजून आपला हात कोणी धरत नाही. वर योगिताला एक धपाटा दिला, एकदम मस्त म्हटल्याबद्दल. धपाटा जोराचा होता, पण योगिताला तो पाठीवर लागलाच नाही. ती पडवीत तशीच बसून राहिली, आणि तिला स्वतःची अशी काही लाज वाटली की विचारू नका.

दुसऱ्या सकाळी माडीवर जाऊन तिने पंगतीतून उठवलेले सगळे तारे परत आणून बसवले. कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. सगळ्यांनी मिळून जे माप सांगितलं ते घेतलं, आणि पट्ट्याची कड शेजारच्या कडेला येऊन बसली. दुपारी तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि स्कूटी वरोरच्या रस्त्याला लावली. वाटेत तिने तीनदा परत फिरायचा विचार केला. एकदा तर कोळणीच्या टोपलीपाशी थांबून नको असलेले बोंबील घेतले, निव्वळ वेळ काढायला.

सर झोपाळ्यावर पेपर वाचत होते. बोंबील बघून सुषमाताई खूश झाल्या आणि आत गेल्या. सरांनी नेहमीचाच प्रश्न विचारला, माझा तारा काय म्हणतो? योगिताने लॅपटॉप उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला.

सरांनी चष्मा वर-खाली केला. फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. झोपाळा थांबला.

"दोन आहेत," सर म्हणाले.

"हो, सर."

"म्हणजे मी मोजलं ते दोघांचं."

"हो. तुमचा आकडा दोघांचा मिळून अगदी बरोबर आहे, सर. एकट्याचा मात्र..." सरांना पुढचं सांगायची गरज नव्हती.

त्यांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं दिसत होतं, ते काही त्यांनी लपवलं नाही. मग त्यांनी विचारलं, तुला हे कधी कळलं? योगिताने सांगितलं, होळीला. आणि आता मात्र सर भडकले. त्यांना भडकलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"होळीला? आणि तू आज येतेस? ज्याच्याकडे मी अर्धा जन्म टक लावून बसलो, त्याच्या शेजारी कोणी आहे हे तुला माहीत, आणि मी इथे भेंडीच्या फवारणीच्या बातम्या वाचतोय?"

योगिता पुटपुटली, की तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं.

"वाटलंच की. वाटू दे. माझ्या ताऱ्याचं मला वाईट नाही वाटणार तर कुणाला वाटणार? तेवढा तरी हक्क ठेव माझ्याकडे."

हे बोलता बोलताच त्यांचं लक्ष पुन्हा त्या छोट्या ठिपक्याकडे गेलं, आणि राग तिथेच विरघळला. त्यांनी सुषमाताईंना हाक मारली, की ये, बघ, आपल्या ताऱ्याला जोडीदार निघाला. सुषमाताई बोंबलाचे हात घेऊन बाहेर आल्या. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, की हिमालयात तुम्ही एकटेच गारठत होतात तेव्हा वर ही दोघं मजेत होती म्हणा. सर असे हसले, की खोकल्याची ढास लागली आणि पाणी आणावं लागलं.

तुमचा जीव टांगणीला नको म्हणून आधीच सांगून टाकतो, पट्टा योगिताकडेच राहिला. खुलासा सरांनी तिला त्याच झोपाळ्यावर बसून लिहायला लावला. चूक माझी आहे तेव्हा नाव माझं आधी, असा हट्ट त्यांनी धरला. पट्टा कोणाकडे राहतो याची चिंता त्या दुपारी दोघांपैकी कोणालाच आठवली नाही. छोट्याचं माप काय येतं, तो मोठ्याच्या भोवती फिरतो की नुसता आपल्याला तसा दिसतो, आणखी कोणत्या दुर्बिणीने पाहता येईल, असं सरांचं चाललं होतं, आणि योगिता उत्तरं देता देता कितीतरी दिवसांनी मोकळेपणी हसत होती. सरांचा आवाज आजारपणाआधीचा झाला होता.

उन्हं कलली. सुषमाताईंनी जेवूनच जा म्हणून सांगितलं. सर झोपाळ्यावर मागे रेलले, समाधानाने लॅपटॉपवर एक थाप मारली आणि सहज म्हणाले, "हा एकच आहे ना गं?"

योगिता जागच्या जागी थांबली. सकाळी सगळे तारे परत बसवले तेव्हाच तिला दिसलं होतं. सरांच्या यादीतले आणखी काही असेच होते, कुणाला शेजारी, कुणाच्या मागे धग देणारा धुरळा. येताना तिने ठरवलं होतं, आज एवढा एकच सांगायचा. बाकीचे पुढे कधीतरी, सरांची तब्येत बघून. आता सर खूश होते, सुषमाताई खूश होत्या, बोंबील तव्यावर पडले होते. एक "हो" म्हटलं असतं तर घर हसत जेवायला बसलं असतं.

"नाही, सर," योगिता म्हणाली. "अजून आहेत."

सरांचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला. सुषमाताई आतून दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्यावरच थांबल्या. मग सर हळूच बाजूला सरकले, झोपाळ्यावर आपल्याशेजारी तिच्यासाठी जागा केली आणि चष्मा सदऱ्याला पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"बस इथे," ते म्हणाले. "सगळे दाखव."